बरबटीवरचं जाळं

कडी लागतच नव्हती. कोयंड्यात जाये अन् सुटून येये, जाये अन् सुटून येये, कारन एका हातानं बेबीले छातीशी धरली होती अन् दुसऱ्या एकट्या हातानं दार रेटून लोखंडाले लोखंड सापडे ना. वर कवेलू खडखड वाजत होते, एक फुटून मोरीत पडलं, अन् मागं सांदवाडीत ते ओरडनं चालू होतं. वांदराचं ओरडनं मी लहानपनापासून आयकलेलं, पन हे तसं नव्हतं. हे बाईमानसावानी होतं. मी खांद्यानं दार रेटलं, सुटलेला पदर दातात धरला, अन् कडी बसली एकदाची. मंग दाराले पाठ लावून खाली बसली अन् बेबीच्या आंगावरून हात फिरवून पाह्यला, पाय, पोट, डोकं, कानामागं. कुठं नख नाई, कुठं रक्त नाई. तिचं तोंड उघडं होतं, रडनं अजून बाहेर आलं नव्हतं. आलं, तवा मले श्वास घेता आला.

दाराच्या दोन फळ्यांच्या मधात बोटभर फट होती. तिच्यातून मी पाह्यलं. बरबटीच्या मांडवावर टाकलेल्या जाळ्याचा एक कोपरा सुटलेला होता, झोल जमिनीपावेतो लोंबत होता, अन् त्या झोलात वांदरीचं पिल्लू गुतलं होतं. चार-पाच महिन्यांचं असन, माह्या बेबीएवढंच. एक हात वर अडकलेला, एक धागा मानेखाली. त्याची माय त्याले आपल्याकडे ओढे, अन् ती जशी ओढे तसं जाळं आवळे, अन् ते ओरडे, अन् ती अजून ओढे. मोठा हुप्प्या, टोळीतला नर, विहिरीच्या काठावर बसून दात दाखवे. बाकीचे मुनग्यावर, कवेलूवर, कुडावर. अन् माह्या कमरेले विळा खोचलेला होता, आदल्या दिवशीच धार लावलेला. चार धागे कापाचे होते. चारच.

हे मी कोनाले सांगतलं नाई. आता सांगतो. नातनीनं ही वही आनून देल्ली, म्हने आजी, तू बोलते तसंच लिही, चुका मी पाहून घेतो. माही शाळा चौथीपावेतो, मंग बकऱ्या, मंग लगन. लिहिताना बोटं दुखते, पन तोंडानं हे निघत नाई, हातानं निघन तं निघन.

आमचं गाव सानगडीच्या बाजूले. बजार सानगडीचा, अन् दवाखाना, कचेरी असलं काई असलं तं मोटरीनं साकोलीले जाचं. घरापुढं गल्ली, घरामागं सांदवाडी, सांदवाडीच्या कुडापलीकडे तलावाची पार, म्हनजे मातीचा बांध, अन् तलावापलीकडे जंगल. सांदवाडी म्हनजे घरामागचा चार दोरखंडात मावन एवढा तुकडा, पन आत्याबाईनं, म्हनजे माह्या सासूनं, त्याच्यात काय नाई लावलं! वांगे, भेदरं, मिरची, सांबार, भेंडी, कवेलूवर चढवलेला कोहळ्याचा वेल, मांडवावर बरबटी, अन् कोपऱ्यात मुनगा. दूरचे पाहुने आले तं म्हनत, भेदरं म्हनजे टमाटे काय, बरबटी म्हनजे चवळी काय, मुनगा म्हनजे शेवगा काय, सांबार म्हनजे कोथिंबीर काय? आत्याबाई म्हने, तुमाले जे म्हनाचं ते म्हना, पन चटनीत टाका. ती झाडाशी बोले. वांग्याले म्हने, "एवढं पानी पेला, अन् कळी एकच? लाज नाई वाटत?" भेदराले म्हने, "तू चांगली आहेस बाई, तू माह्या मनासारखी आहेस." मले कधी एवढं गोड बोलली नाई. मले वांग्यासारखंच बोले.

उन्हाळा लागला की जंगलातले नाले सुकत, अन् आमच्या विहिरीच्या नालीतली ओल पाहून सारं जंगल सांदवाडीत येये. पहाटे ससा येये, सांबाराचे शेंडे खाऊन जाये, जसे कैचीनं कापले. राघू मिरच्या तोडत, अर्धी खात अन् अर्धी टाकत. विहिरीच्या दगडाखाली मुंगसीनीचं बिऱ्हाड होतं, तिचे तीन पिल्लं तिच्या मागं रांगेत निघत. सातभाई दिवसभर कचकच करत, आत्याबाई म्हने हे मागच्या जल्मी आमच्या गल्लीतल्या बाया असन. सायाळ कधी दिसली नाई, पन सकाळी तिचा काटा पडलेला सापडे. आत्याबाई तो काटा धुऊन ठेवे अन् शनवारी माहं डोकं न्हानून झालं की त्यानं माहा भांग पाडे, सरळ, कपाळापासून मागंपावेतो. तेवढ्या वेळ तिचा हात नरम राहे. ते थंड टोक डोक्यावरून जाये, ते आजही आठवलं की डोळे मिटते.

अन् वांदरं. त्याईले मारता येत नाई, ते मारुतीचे. आत्याबाई पहिले हात जोडे, मंग ढेकूळ उचले. "मारुतीराया, खाल्लं तेवढं पुरे, आता जाय आपल्या घरी!" असं म्हनून ढेकूळ मारे, पन बाजूले, लागन असं नाई. वांदरालेही ते मालूम होतं. ते हलत नसत. एक साल त्याईनं भेदराची सारी बाग दोन दिवसात साफ केली, अन् आत्याबाई त्या उघड्या झाडांपाशी बसून राह्यली, जेवली नाई.

म्हनून कवडूबानं जाळं आनून देल्लं. कवडूबा तलावाच्या पारीखाली झोपडीत राहे, तो अन् त्याची बुढी. मासोळ्या धरनं त्याचं काम. ढिवरांचे चार घरं होते आमच्या गावात, त्यातलं सर्वात म्हातारं घर त्याचं. सकाळी जाळं काढून आला की पळसाच्या पानावर चार झिंगे, नाईतर एखादी मोठी मासोळी कुडावर ठेवून जाये, हाक मारे, "भाभी, मांजर नेईन, उचला!" आत्याबाई त्याच पानावर वांगे ठेवून देये. झिंग्याची चटनी अन् पेज, उन्हाळ्यात आमचं तेच जेवन, अन् मले त्याच्याहून चांगलं आजपावेतो काई लागलं नाई.

त्यानं जुनं नायलानचं जाळं मांडवावर अन् भेदरावर टाकलं, चारी कोपऱ्याले खुंटे ठोकले, अन् मले जवळ बलावलं. "सूनबाई, इकडे पाह्य. पान्यात आपन जाळं मुद्दाम ढिलं सोडतो. मासोळी झोलात जाते, अन् जेवढी तडफडन तेवढी गुतते. इथं तसं नाई करायचं. इथं ताठ पाह्यजे. बोट मारलं तं वाजलं पाह्यजे." त्यानं बोट मारलं, अन् ते खरंच वाजलं, एकतारीवानी. "शेंगा तोडासाठी हाच एक कोपरा सोडत जाजो, अन् लगेच बांधजो. लगेच. ही गाठ पाह्य." त्याची गाठ एका झटक्यात सुटे, पन आपोआप कधी सुटत नसे. त्यानं मले दोनदा दाखवली. मी बांधली तं आत्याबाई हसली, "अगे माय, ही गाठ आहे का पोरीच्या वेनीची रिबीन!" कवडूबाही हसला. "येईन, येईन, हात बसन," म्हने. चार दिवसात माहा हात बसला.

बेबीच्या आधी माहा एक पोरगा झाला होता. सव्वा महिन्याचा होऊन गेला. ताप आला, अन् साकोलीच्या मोटरीत, माह्या मांडीवरच. त्याचं नाव ठेवाचं राहून गेलं होतं. त्याच्यानंतर विहिरीवर बाया माह्या पायाकडे पाहत. पांढऱ्या पायाची, असं म्हनत, मागून, तोंडावर नाई. आत्याबाईनं एकदा एकीले उत्तर देल्लं, "माही सून आहे. पाय पाहाचे असन तं आपल्या घरच्या सुनीचे पाहा." पन कधी कधी तीही पाहे. मले दिसे. म्हनून बेबी झाली तशी मी भेकड झाली. खोकली तं भेव, खोकली नाई तं भेव. निजली तं नाकापुढं बोट धरून पाहो. आमचे घरचे, म्हनजे बेबीचे बाबा, म्हनत, "श्वास घेऊ दे तिले, तुह्या बोटानंच गुदमरन." ते साकोलीच्या धान गिरनीत कामाले जात, सकाळी जात, सांजेले येत.

ते दिवस मोहफुलाचे होते. मोहफूल पहाटे पडते, अन् ऊन चढायच्या आत वेचून घ्यावं लागते, म्हनून सारं गावच जाये, बाया, पोरं, म्हातारे. गल्लीत कुत्रंही राहत नसे. मी लेकुरवाळी म्हनून घरी. आत्याबाई टोपली डोक्यावर घेऊन निघाली, दारातून वापस वळली. "बरबटी तोडून ठेवजो, जून होऊन राह्यली. अन् जाळं बांधजो बरोबर."

"हो," मी म्हटलं.

मी कोपरा सोडला, अर्धी टोपली बरबटी तोडली, अन् बेबी रडली. मी म्हटलं दूध पाजतो अन् मंग बांधतो. एवढंच. दूध पाजलं, तिले मुनग्याच्या फांदीले बांधलेल्या झोळीत टाकलं, अन् मंग वांग्याची नाली फुटलेली दिसली, पानी मिरचीत जाऊन राह्यलं होतं, ते वळवाले गेली. जाळं डोक्यातून गेलं. पुसलं गेलं जसं काई. लोकाईनं विचारलं असतं तं मी काय सांगतलं असतं? की एका नालीनं विसरली?

वांदरं कवा आले, समजलं नाई. पहिले मुनग्याचा पाला वरून पडाले लागला, झोळीवर, बेबीच्या आंगावर. मी वर पाह्यलं तं दहा-बारा. मी काई भ्याली नाई, रोजचेच. मी हात हलवत झोळीकडे चालली. ते लहान पिल्लू मायीच्या पोटाखालून सुटलं होतं, मांडवावर नाचत होतं. जाळ्यावरून घसरलं, झोलात पडलं, त्याले मजा वाटली असन, पुन्हा वर चढाले गेलं अन् हात गुतला. मंग मान. मंग ते ओरडलं, अन् सारे एकदम खाली आले. हुप्प्या माह्या अन् झोळीच्या मधात उतरला. मी कशी गेली त्याच्या बाजूनं, झोळीतून लेकरू कसं काढलं, मले सांगता येत नाई. माह्या पायाले त्याची शेपटी लागली, एवढं आठवते.

तर मी दाराच्या आतून पाहत होती. पहिले पहिले तं जानं शक्यच नव्हतं, हे मी आजही म्हनतो. हुप्प्या दारावर धावून आला, दोनदा. कोनीही बाई लेकरू घेऊन बाहेर गेली नसती, अन् लेकरू घरात एकटं टाकूनही गेली नसती. मी समोरच्या दारानं गल्लीत जाऊन ओरडली, "कोनी आहे का वं! कवडूबा!" कवडूबा तलावाच्या पार तिकडच्या टोकाले असन. कोनी ओ देल्ली नाई. मी वापस येऊन फटीपाशी बसली.

मंग बेबी पेली, निजली. बाहेरचं ओरडनं कमी झालं. मी पाह्यलं तं हुप्प्या मुनग्यावर गेला होता, बाकीचे पारीवरच्या चिचेच्या झाडावर. जाळ्यापाशी फक्त ती माय. ती आता ओढत नव्हती. तिले समजलं असन की ओढलं की आवळते. ती धागे दातानं चावत होती, पन नायलान ते, सुटे ना, तिच्या ओठातून रक्त येत होतं. पिल्लू जिवंत होतं. त्याचा एक पाय हले. अन् मंग तिनं चावनं सोडलं, उठली, अन् चालत आली. धावत नाई, चालत. येऊन माह्या दारापुढच्या दगडावर बसली. तिचं ते काळं तोंड, पांढऱ्या भिवया. फटीच्या एवढ्या जवळ की मले तिचा वास येये. तिनं दाराले हात लावला नाई, दात दाखवले नाई. फक्त बसली, अन् दाराकडे पाहत राह्यली.

मी कडीवर हात ठेवला. बेबी मागं गोधडीवर निजलेली. विळा कमरेले. मोकळी वाट, दहा पावलं. मी कडीवरून हात काढला. पुन्हा ठेवला. मले वाटलं, मी गेली अन् हुप्प्या उतरला तं? मी पडली तं? हे लेकरूही गेलं तं त्या विहिरीवर मी कोनत्या पायानं जाऊ? असं सारं डोक्यात येये, अन् ती बसून होती. किती वेळ, मले घड्याळ मालूम नव्हतं. बेबी उठून पुन्हा पेली, तेवढा वेळ. मी दुसऱ्यांदा पाजून फटीपाशी आली तवा ती दगडावर नव्हती. जाळ्यापाशी वापस गेली होती, अन् पिल्लाचे केस साफ करत होती, एक एक करून, जसं त्याईचं चालते. पिल्लू हलत नव्हतं.

मोहाच्या टोपल्या घेऊन बाया आल्या तवा आत्याबाईनं समोरून हाक मारली. आत येऊन तिनं मागचं दार उघडलं, अन् वांदरीनीले अन् त्या पिल्लाले पाहून ती तशीच थांबली, टोपली डोक्यावरच. मोहफुलाचा तो गोड, आंबूस वास साऱ्या घरात भरला. आजही तो वास आला की मी तिथून उठून जातो, पोरी म्हनते आईले मोहाची नशा चढते.

"काय झालं वं हे?"

माह्या तोंडातून आलं, "मले मालूम नाई. बेबीले घेऊन निजली होती मी. डोळा लागला."

"एवढं ओरडनं आयकू नाई आलं?"

"डोळा लागला, आत्याबाई."

तिनं माह्याकडे पाह्यलं. मंग बेबीकडे. मंग टोपली खाली उतरवली.

गाव गोळा झालं. आमच्याकडे वांदर मेलं की मानसावानी करते. नवं कापड, गुलाल, टाळ-मृदंग, अन् मारुतीच्या पाराजवळ माती. अन् ज्याच्या हातून गेलं असन त्यानं डोकं भादरायचं, अन् पंच सांगन ते करायचं. गावचा पाटील आला, दोन पंच आले. "कोनाचं जाळं?" पाटलानं विचारलं. सारे मागं वळले, कारन कवडूबा तलावावरून येऊन राह्यला होता, ओल्या धोतरानं, खांद्यावर टोपली.

तो कुड ओलांडून आत आला. पहिले त्या मायीकडे पाह्यलं, मंग खाली, खुंट्याकडे. खुंट्याले दोर नुसता लोंबत होता. त्यानं दोर बोटात घेतला, पाह्यला, सोडून देल्ला. मंग त्यानं मान वर केली अन् लोकाईच्या मधातून मले पाह्यलं. मी बेबीले पदराखाली घेतलं.

"जाळं माहंच आहे," तो म्हने.

"का गा कवडू, एवढा म्हातारा झाला, जाळं बांधता नाई येत?" पाटील म्हने.

"चुकलं," कवडूबा म्हने.

माहं तोंड उघडलं नाई. आत्याबाईही बोलली नाई, अन् तिनं तं मले सकाळी सांगतलं होतं बांधजो म्हनून.

कवडूबानं सारे लोक मागं सरकवले. कोनाचा तरी विळा मागतला, अन् हळूहळू, गुडघ्यावर बसून, त्या मायीसोबत काईतरी पुटपुटत, चार धागे कापले. तीन का चार. ती त्याच्यावर धावली नाई. त्यानं पिल्लू जमिनीवर ठेवलं अन् मागं सरला. पाटील ओरडला, "उचल, उचल, कापड आनलं आहे!" कवडूबा म्हने, "तिचं आहे, मालक. तिले नेऊ द्या." अन् ती आली, पिल्लू छातीशी धरलं, एका हातानं, अन् तीन पायावर पार चढून गेली.

म्हनून माती झाली नाई. गुलाल तसाच राह्यला. लोक बिथरले, म्हने मारुतीचं लेकरू बिनमातीचं राह्यलं, आता गावाले भोवन. पंचाईनं सांगतलं, कवडूनं डोकं भादरावं, अन् हा उन्हाळा गावच्या तलावात जाळं टाकू नये. हे आयकाले लहान वाटते. पन तलावाचं पानी उन्हाळ्यातच उतरते, मासोळी त्याच दोन-अडीच महिन्यात हाती येते, बाकीचं सारं साल ढिवराचं घर त्याच्यावरच चालते. कवडूबानं तिथंच, मारुतीच्या पाराजवळ, डोकं भादरलं. बेबीचे बाबा सांजेले आले, सारं आयकलं, म्हने, "तू निजली होती ना? मंग झालं. तुहा काय संबंध."

ती वांदरीन चार दिवस येत राह्यली. मुनग्यावर बसे, मांडीत ते पिल्लू. ते वाळत चाललं होतं, माश्या बसत, ती हाकले. पाला तोडून त्याच्या तोंडापाशी नेये. मी बेबीले सांदवाडीत नेनं सोडलं, घरात, अंधाऱ्या खोलीत पाजो, अन् दूध येत नसे. आत्याबाईनं अळीव शिजवून देल्ले, मेथी देल्ली. मंग एक दिवस ती रिकाम्या हातानं आली, बसली, अन् गेली. पुन्हा ओळखू आली नाई. कुडावर पळसाचं पान येनंही बंद झालं होतं.

सातव्या-आठव्या दिवशी आयकलं की कवडूबा अन् बुढी जाऊन राह्यले, तिकडे सिहोऱ्याच्या बाजूले, बुढीच्या भावाच्या गावाले. मी भेदरं, वांगे ओटीत घेतले, बेबीले कडेवर घेतलं, अन् दुपारच्या उन्हात पारीखाली गेली. झोपडीवरचं गवत अर्धं उतरवलं होतं. तो बाहेर बसून जाळ्याची घडी करत होता. भादरलेल्या डोक्यावर पांढरे खुंट आले होते.

"लेकराले घेऊन उन्हात कायले आली वं, सूनबाई?"

मी भाजी खाली ठेवली. "कवडूबा, तो कोपरा..."

"मले मालूम आहे," तो म्हने. घडी करतच होता. "माही गाठ आपोआप सुटत नाई."

"मंग बोलले काहून नाई तुमी?"

"बोललो असतो तं काय झालं असतं? पहिलं लेकरू गेलं हिचं, आता मारुतीचंही हिच्याच हातून, असं म्हटलं असतं. तुले मायेरी पाठवलं असतं, लेकरू ठेवून घेतलं असतं. मी बुढा मानूस. मले काय, केस तं तसेही गेलेच होते." अन् हसला तो. बुढी आतून म्हने, "हसा आता! खाचं काय आहे तिथं जाऊन?" तो म्हने, "तुह्या भावाचं डोकं."

मले रडू आलं. मी त्याच्या पायाले हात लावाले वाकली, बेबी कडेवरून घसरत होती. त्यानं घडी बाजूले ठेवली, अन् हसनं गेलं त्याच्या तोंडावरून.

"एकच सांग मले," तो म्हने, हळू, बुढीले आयकू जानार नाई असं. "दुसरं काई नाई. गाठ विसरते मानूस. ते पिल्लू जिवंत होतं तवा तू जागी होती का?"

बेबी माहा कान ओढत होती. तलावावरून गरम वारा येत होता.

"नाई," मी म्हटलं. "निजली होती."

"मंग झालं," तो म्हने. "मंग तुह्यावर काई नाई. जाय घरी, ऊन लागन तिले." अन् त्याच्या खांद्यावरचं काईतरी उतरलं, मले तसंच दिसलं, अन् त्यानं पुन्हा जाळं उचललं.

तो वापस आला नाई. त्याच पानकळ्यात, पावसाच्या दिवसात, तिकडे सिहोऱ्याकडेच वारला, असं त्याच्या बुढीनं येऊन सांगतलं. ती झोपडीचे बांस न्याले आली होती. आत्याबाईनं तिले दोन पायल्या तांदूळ देल्ले अन् बोळवली, अन् ती गेल्यावर कितीतरी वेळ सांदवाडीत जाऊन उभी राह्यली, झाडाशी न बोलता. ती मरेपावेतो मले त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाई. मलेही वाटे, बोलन तं बरं, बोलली नाई तं बरं.

बेबी आता तीन लेकराची माय आहे. नागपूरले राहते, तिच्या गॅलरीत कुंड्यात भेदरं लावते, अन् मले म्हने, आई, तुले एवढं येते, तू काहून नाई लावत? मी म्हनतो गुडघे दुखते. तिले पाह्यलं की वाटते, हे लेकरू माह्याजवळ आहे, मी दार लावलं म्हनून आहे. अन् मंग वाटते, नाई, ते दार मी उघडलं असतं तरी हे राह्यलं असतं. वाट मोकळी होती. ती माय मारायले आली नव्हती, मागाले आली होती, अन् मले ते फटीतूनच समजलं होतं. गाठीचं मी कवडूबाले सांगाले गेली होती, तेवढी हिंमत केली होती. पन त्यानं गाठीचं विचारलंच नाई.

तुमी जे कोनी हे वाचून राह्यले, तुमच्याही घरी लेकरं असन. तुमच्या पाठीमागं असं एक गोधडीवर निजलेलं असतं, एक आधी गेलेलं असतं, अन् दारापुढं ती येऊन बसली असती, तं तुमी कडी काढली असती का? अन् नसती काढली, तं त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून, हो, मी जागी होती, असं म्हनता आलं असतं का तुमाले?